पाय गमावल्यानंतर ट्रॅकवर उतरायचं तर: स्टम्प, ब्लेड, सराव आणि टिकून राहणं

ब्लेडवर, म्हणजे धावण्यासाठीच्या कार्बन फायबरच्या कृत्रिम पायावर, धावणाऱ्या खेळाडूकडे पाहताना सगळ्यांची नजर ब्लेडवर खिळते. त्याचा हंगाम मात्र ठरतो ब्लेडच्या वर, सॉकेटच्या (उरलेला पाय ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या वरच्या खोबणीच्या) आत दडलेल्या हातभर कातडीवर. अँप्युटेशननंतर, म्हणजे पाय कापावा लागल्यानंतर, धावणं सुरू करून सोडून देणाऱ्या बहुतेकांची जिद्द कमी पडलेली नसते. स्टम्पवर (कापल्यावर उरलेल्या पायाच्या भागावर) फोड येतो, दोन आठवडे पाय घालता येत नाही, तेवढ्यात स्टम्पचा आकार बदलतो, सॉकेट नीट बसत नाही, तरी घाईने धावलं जातं आणि पुन्हा फोड येतो. असं दोन-तीनदा झालं की चौथ्यांदा मन उठत नाही. म्हणून उमेद टिकवायची असेल तर कातडी टिकवायला आधी शिकावं लागतं. पुढचं बहुतेक लेखन त्याच क्रमाने आहे.

धावायला केव्हा घ्यायचं

ऑपरेशननंतर अमुक महिने झाले की धावा, असा ठरलेला आकडा नाही. आपली आपण करायची परीक्षा आहे. रोजच्या कृत्रिम पायावर दिवसभर वावरता येतं का? अर्धा तास भरभर चालून पाय काढला तर कातडीवरची लाली दहा-पंधरा मिनिटांत उतरते का? काहीही न धरता फक्त कृत्रिम पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? जिना उतरताना कठड्यावर भार टाकावा लागतो का? यातल्या एकाही उत्तरात खोट असेल तर आधी चालणं पक्कं करा. चालताना जी लंगड असते ती धावताना दुप्पट होते, कमी होत नाही.

स्टम्प पहिलं वर्ष-दीड वर्ष आकसत राहतो. त्या काळात धावण्यासाठी खास सॉकेट बनवून घेतलं तर ते काही महिन्यांत सैल होतं. थांबता येत असेल तर थांबावं, आणि नसेल तर हे सॉकेट लवकर बदलावं लागणार हे धरूनच चालावं. पाय मधुमेहामुळे किंवा रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे गेला असेल, तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची आणि उरलेल्या पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्या. अशा वेळी चांगल्या पायाचा तळवाही स्टम्पइतकाच जपायचा असतो. तिथे संवेदना कमी असते, त्यामुळे जखम झाली तरी कळत नाही.

या थांबण्याच्या काळात एक काम रोज करायचं, ते म्हणजे पालथं झोपणं. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. अँप्युटेशननंतर माणूस जास्त वेळ बसून असतो आणि खुब्याचे पुढचे स्नायू आखडतात. मांडी मागे जात नाही, मग धावताना कंबर वाकवून ती कसर भरली जाते आणि सहा महिन्यांनी कंबरदुखी मागे लागते. घरच्या घरी तपासायचं असेल तर पलंगावर उताणं झोपा आणि चांगला गुडघा छातीशी घट्ट धरा. स्टम्पकडची मांडी गादीवरून उचलली गेली तर खुबा आखडलाय. स्टम्पखाली उशी घेऊन झोपायची सवय असेल तर ती आजच मोडा. बरं वाटतं हे खरं, पण गुडघा आणि खुबा दोन्ही वाकलेल्या अवस्थेत जखडतात.

स्टम्पची रोजची निगा

स्टम्प रात्री धुवायचा, सकाळी नाही. पाण्याने कातडी फुगते आणि अशा ओलसर कातडीवर लायनर (स्टम्पवर घालायचं सिलिकॉनचं मऊ आवरण) चढवला की तो चिकटतो आणि ओढतो. बिनवासाचा सौम्य साबण घ्या, तो पूर्ण धुऊन काढा, टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. लायनरही रोज रात्री आतून धुवायचा. साबणाचा अंश आत राहिला तर दुसऱ्या दिवशी घामात तो विरघळतो आणि लायनरच्या वरच्या काठाबरोबर गोल पुरळ उठतं. पुष्कळांना वाटतं सिलिकॉनचीच ॲलर्जी आहे. आधी आठवडाभर लायनर दोनदा पाण्यातून काढून पाहा, मग ॲलर्जीचा विचार करा.

स्टम्पवरचे केस काढू नयेत. रेझर फिरवला की केस कातडीच्या आत उलटे वाढतात, मुळाशी पू होतो आणि एका फोडामुळे आठवडा जातो. टाक्यांची खूण पूर्ण भरली असेल तर रोज पाच मिनिटं ती बोटांनी सर्व दिशांना हलवत चोळावी. खूण खालच्या हाडाला चिकटलेली राहिली तर प्रत्येक पावलाला तिथेच ताण येतो आणि तिथेच फाटते.

मग आरसा घ्या. जमिनीवर ठेवून स्टम्पची खालची आणि मागची बाजू पाहा. गुडघ्याखालच्या स्टम्पमध्ये नेहमी कुरकुरणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: नडगीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीची पुढची धार, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला थोडं खाली लागणारं लहान हाडाचं डोकं, आणि गुडघ्यामागे दोन्ही बाजूंच्या दोऱ्या (कंडरा). हाडाच्या टोकावर दाब सहन होत नाही. गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड दोरीवर आणि नडगीच्या आतल्या सपाट भागावर तो चालतो. म्हणून लाली कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. वाटीखाली पसरलेला फिकट गुलाबी पट्टा दिसला तर सॉकेट आपलं काम करतंय. हाडावर नाण्याएवढा गडद लाल ठिपका वीस मिनिटांनंतरही तसाच असेल तर सॉकेट तिथे चुकतंय. स्टम्पच्या टोकाची कातडी जांभळट, जाड, चामखिळीसारखी खरखरीत होत असेल तर टोकाशी सॉकेटचा स्पर्शच होत नाहीये. तिथे पोकळी राहते, प्रत्येक पावलाला ओढ बसते आणि रक्त-पाणी टोकाकडे साचतं. ही गोष्ट मलमाने बरी होत नाही, सॉकेट दुरुस्त केल्यावरच होते.

एक नियम मोडायचा नाही. कातडी उघडी असेल तर धावायचा पाय घालायचा नाही, पट्टी लावूनही नाही. पट्टीची जाडी सॉकेटमध्ये नवा दाब तयार करते आणि एका जखमेच्या दोन होतात.

घाम ही वेगळी डोकेदुखी. एक पाय कमी असला की उष्णता बाहेर टाकायला कातडीही कमी उरते, त्यात स्टम्प सिलिकॉनमध्ये बंद. त्यामुळे अंग लवकर तापतं आणि लायनरमध्ये पाणी साचतं. घाम रोखणारं औषध रात्री कोरड्या स्टम्पवर लावायचं, धावण्याच्या तोंडावर नाही. सरावात दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाय काढून लायनर आणि स्टम्प दोन्ही पुसायचे. आधी यात पाच मिनिटं जातात, सवयीने दोन पुरतात. प्रशिक्षकाला वाटलं की तुम्ही वेळ काढताय, तर त्याला एकदा लायनर उलटा करून दाखवा. धार लागते.

लायनर, सॉक आणि सॉकेट

लायनर घालताना तो पूर्ण उलटा करा, तळ स्टम्पच्या टोकावर सपाट टेकवा, आत हवा राहिलेली नाही याची बोटाने खात्री करा आणि मग दोन्ही तळहातांनी वर गुंडाळत न्या. मोज्यासारखा ओढून चढवायचा नाही. टोकाशी हवेचा एक बुडबुडा राहिला तरी धावताना तिथे कातडी शोषली जाते आणि पाणीदार फोड येतो. लायनरच्या टोकाला सॉकेटच्या लॉकमध्ये बसणारी पिन असेल तर ती स्टम्पच्या रेषेत सरळ आली पाहिजे. तिरकी पिन लॉकमध्ये अडकते, आणि मैदानावर पाय निघेनासा होणं हा फार वाईट अनुभव असतो.

सॉकचं, म्हणजे लायनरवर घालायच्या मोज्यांचं, गणित रोज नव्याने मांडावं लागतं. सकाळी स्टम्प थोडा भरलेला असतो, वॉर्म-अपनंतर आकसतो. सकाळी एक प्लायचा (प्लाय म्हणजे सॉकच्या जाडीचं माप) सॉक पुरतो, तर अर्ध्या तासाने तीन प्लायची गरज लागू शकते. कसं ओळखायचं? वाटीच्या खालच्या कडेवर आणि स्टम्पच्या टोकावर एकदम दुखायला लागलं तर तुम्ही सॉकेटमध्ये खाली गेलाय, सॉक वाढवा. पिनचे नेहमी सहा ‘टक्‌’ येतात आणि आज नऊ आले, तरी तोच अर्थ. उलट, पाय घातल्यावर उंच वाटतोय, टोकाशी काही टेकत नाहीये, ‘टक्‌’ कमी येतात, तर सॉक जास्त झाले. पावलागणिक सॉकेटमधून हवेचा आवाज येऊ लागला तर आत पिस्टनसारखी हालचाल सुरू आहे. तिथेच थांबा. रोज दहा-बारा प्लाय भरावे लागत असतील तर सॉक वाढवणं हा उपाय उरत नाही, नवं सॉकेट लागणार. सॉकने घेर भरतो, पण आकार दुरुस्त होत नाही.

टोकाचा स्पर्श तपासायची एक साधी रीत प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम पाय बनवून बसवणारे तज्ज्ञ) वापरतात. हरभऱ्याएवढी मऊ मातीची गोळी सॉकेटच्या तळाशी ठेवायची, पाय घालून पूर्ण भार द्यायचा आणि काढून पाहायचं. गोळी पार चपटी झाली तर हाड तळावर आदळतंय. तिला धक्काही लागला नसेल तर खाली पोकळी आहे. थोडी दबलेली हवी. पिन लॉक असेल तर ही तपासणी स्वतः करू नका, माती यंत्रणेत जाते.

धावण्याचं सॉकेट रोजच्या सॉकेटपेक्षा घट्ट हवं आणि वेगळं हवं. धावताना जमिनीवर आदळणारा भार शरीराच्या वजनाच्या दुपटीपुढे जातो. चालायला जे सॉकेट आरामशीर वाटतं ते या भाराखाली डुलतं. रोजच्या पायाचा फूट (कृत्रिम पाऊल) काढून त्याजागी ब्लेड बसवायची काटकसर पुष्कळ जण करतात. आठ-दहा धावांपुरतं निभतं, मग कातडी हिशेब मागते.

ब्लेड निवडताना

आजच्या ब्लेडचा वंश फ्लेक्स-फूटपर्यंत जातो. व्हॅन फिलिप्स यांनी तरुणपणी स्वतःचा पाय गमावल्यावर कार्बन फायबरच्या स्प्रिंगची कल्पना विकसित केली आणि १९८४ मध्ये त्या नावाची कंपनी काढली. त्याआधी काय होतं हे पाहायचं तर टेरी फॉक्सचं धावणं पाहावं. गुडघ्यावरून कापलेल्या पायासह तो १९८० साली कॅनडात १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, तेही चालायच्या पायावर. कृत्रिम गुडघा पुढे यायला वेळ लागायचा, म्हणून चांगल्या पायावर तो प्रत्येक पावलाला एक जादा उडी मारायचा. त्याच्या धैर्याला तोड नाही. पण त्याने जे सोसलं ते सराव म्हणून कोणी अंगावर घेऊ नये.

ब्लेडला टाच नसते, घोटा नसतो आणि स्वतःची ताकदही नसते. तुम्ही जितका भार द्याल त्यातला बराचसा ते परत देतं, एवढंच. म्हणूनच ते निवडताना कडकपणा सगळ्यात महत्त्वाचा. उत्पादक वजन आणि धावण्याचा प्रकार पाहून श्रेणी देतात. श्रेणी मऊ पडली तर ब्लेड खोल दबतं, उठायला उशीर होतो आणि त्या बाजूला कंबर बुडते. कडक पडली तर ब्लेड दबतच नाही, सगळा धक्का सॉकेटमधून गुडघ्यात आणि कमरेत जातो, आणि खेळाडू नकळत त्या पायावर कमी वेळ टेकू लागतो. सरावाने पाच-सहा किलो वजन कमी झालं किंवा वाढलं तर श्रेणी पुन्हा तपासून घ्या. वर्षभर छान चाललेलं ब्लेड ‘अचानक’ कडक लागायला लागतं, त्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. आकारातही फरक असतो. वेगासाठीचं ब्लेड सॉकेटच्या मागच्या अंगाला बसतं आणि लांब असतं. सी-आकाराचं, सॉकेटच्या खाली बसणारं ब्लेड लांब अंतराला आणि शिकायला सोपं. नवख्या माणसाने दुसऱ्यापासून सुरुवात करावी असं आमचं मत आहे.

उंची मोजताना गोंधळ होतो. उभं राहिल्यावर ब्लेडची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उंच असते आणि तशीच असायला हवी, कारण धावताना ते दबतं. पहिल्यांदा घालणारा म्हणतो पाय लांब झालाय, कापा. कापू नका. धावतानाचा व्हिडिओ मागून काढा. ब्लेड टेकलेलं असताना कंबरपट्टी सरळ दिसली तर उंची बरोबर आहे.

बोल्टची खूण करून ठेवा. प्रोस्थेटिस्टने बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळला की बोल्ट आणि प्लेटवर मिळून पेंटची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरलाय. तो अंदाजाने आवळू नका, जास्त आवळला तरी तुटतो. कार्बनवर नखाने जाणवणारी चीर, पांढरट रेघ किंवा दबताना नवा ‘कट्‌’ आवाज आला तर त्या ब्लेडवर एक पाऊलही टाकू नका. त्याला भोक पाडू नका, घासू नका. उन्हात बंद गाडीत ठेवलं तर तळ चिकटवलेला गोंद सुटतो. वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात गेलं असेल तर साध्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा.

पहिले सहा आठवडे

पहिला दिवस धावण्याचा नाही, पडण्याचा आहे. जाड मॅटवर, कोपर वाकवून, खांद्यावरून लोळत पडायला शिका. हात ताठ ठेवून पडलं तर मनगट जातं, आणि ज्याला कुबडीची गरज पडू शकते त्याला मनगट गमावणं परवडत नाही.

मग कठड्याच्या आधाराने ब्लेडवर भार देणं. वजन काट्याच्या दोन यंत्रांवर एकेक पाय ठेवा आणि दोन्हीकडे आकडा सारखा आणायचा प्रयत्न करा. ब्लेडकडे बहुतेकांचा भार किती कमी पडतो हे पाहून माणूस चकित होतो. ब्लेडवर स्वस्थ उभं राहता येत नाही, ते सतत हलतं. उभं राहायचं ते चांगल्या पायावर. दोन्ही पाय ब्लेडवर असतील त्यांनी जागच्या जागी पावलं टाकत राहावं.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड तीस मीटरच्या सहा ते आठ संथ धावा, परत येताना चालत. दर चार धावांनंतर पाय काढून कातडी पाहायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धावा दहा, अंतर चाळीस ते पन्नास. पाचव्या-सहाव्यात साठ मीटर, वेग निम्म्याच्या थोडा वर. सहा आठवड्यांनंतर एकूण अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. दम टिकतो म्हणून वाढवण्याचा मोह होतो. फुप्फुसं तयार असतात, कातडीला वेळ लागतो.

लक्ष कशावर ठेवायचं? ब्लेड शरीराच्या पुढे लांब फेकू नका, खुब्याखाली टेकवा आणि मांडीने मागे-खाली दाबा. पुढे टेकलं की ते ब्रेक लावतं आणि स्टम्पचं टोक सॉकेटच्या पुढच्या भिंतीवर घासतं. ब्लेडचं टोक जमिनीला खरवडत असेल तर पाय आखूड करून मागण्याआधी खुब्याच्या पुढच्या स्नायूंची ताकद तपासा. पाय बाहेरून गोल फिरत येत असेल तर कारण बहुधा भीती किंवा लांब ब्लेड, आणि दोन्हींची पारख व्हिडिओत होते. आवाजही ऐका. टप-टप, टप-टप असा दोन पावलांचा लय सारखा यायला हवा. ‘टप… टपटप’ असं ऐकू आलं तर तुम्ही ब्लेडवरून पळ काढताय.

ताकदीसाठी आठवड्यातून तीन दिवस पुरे. उताणं झोपून स्टम्पखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि त्यावर दाबून कंबर उचलायची, बारा वेळा, तीन फेऱ्या. कुशीवर झोपून स्टम्प बाजूला उचलायचा, तेवढ्याच वेळा. प्लँक अर्धा मिनिट. चांगल्या पायावर एकट्याने बैठक. हा चांगला पाय खूप जास्त काम करतो, त्याची पोटरी आणि टाचेची दोरी आधी कुरकुरते. तिचं दुखणं ‘चांगल्या पायाला काय होतंय’ म्हणून दुर्लक्षू नका.

गुडघ्यावरून पाय गेला असेल तर

इथे सगळं अवघड होतं. धावायचा गुडघा वेगळा असतो, आणि पाय टेकायच्या आधी तो पूर्ण सरळ झालेला असावा लागतो. वाकलेल्या अवस्थेत टेकला की तो घडी होतो आणि माणूस तोंडावर पडतो. तो सरळ करायला मांडीचा पुढचा स्नायू उरलेला नाही. खुबा झटक्यात मागे ओढून, नितंब आवळून तो सरळ ठेवायचा असतो. म्हणून आधी महिनाभर गुडघ्याशिवाय, सरळ पाइपवर ब्लेड लावून धावायला शिकवतात. त्यात पाय बाहेरून फिरवावा लागतो, दिसायला बरं दिसत नाही, पण ब्लेडवर विश्वास बसतो. पुढे गुडघा बसवला की हा फेरा सोडवायला वेळ द्यावा लागतो. सॉकेटची वरची कड जांघेत घासते. तिथे घर्षण कमी करणारी क्रीम आणि शिवण नसलेली आतली शॉर्ट, दोन्ही लागतात.

स्टार्ट, वळण, उडी, फेक

स्टार्टच्या ब्लॉकमध्ये (सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांत) ब्लेड मागे आणि चांगला पाय पुढे, अशी मांडणी बहुतेक जण करतात, कारण पहिला जोर स्नायूंनीच द्यायचा असतो. ब्लेड थांबलेल्या शरीराला ढकलू शकत नाही. त्यामुळे पहिल्या तीस मीटरमध्ये मागे राहिलात तर घाबरू नका, शेवटच्या चाळीसमध्ये ते भरून निघतं. वळणावर ट्रॅक डावीकडे वळतो. डावा पाय ब्लेडचा असेल तर आतल्या बाजूने जोर कमी मिळतो आणि वेग जास्त घटतो. अशा धावपटूने २०० मीटरचा सराव वळणावरच जास्त करावा.

लांब उडीत जर्मन पॅरा खेळाडू मार्कुस रेम उजव्या ब्लेडवरूनच उडतो आणि २०२३ मध्ये ८.७२ मीटरपर्यंत गेला. मात्र ब्लेडवरून उडायचं असेल तर फळीवरचं पाऊल अचूक लागतं. सहा-आठ पावलांच्या छोट्या धावेने सुरुवात करा. उंच उडीत कॅनडाच्या आर्नी बोल्टने १९७६ मध्ये टोरंटोला कृत्रिम पाय न लावता एकाच पायावर १.८६ मीटर पार केली होती. अँप्युटी खेळाडूंना पॅरालिम्पिकमध्ये प्रवेश मिळाला तोच त्या वर्षी.

भालाफेकीत उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय रोवून थांबतो. भारताच्या सुमित अंतिलचा डावा पाय गुडघ्याखालून गेलेला आहे, म्हणजे धावत येण्याचा सगळा वेग तो कृत्रिम पायावर अडवतो. त्याने पॅरिसला २०२४ मध्ये ७०.५९ मीटरवर सुवर्ण घेतलं. असं रोवताना सॉकेट पुढे-बाहेर मुरडतं. म्हणून फेकणाऱ्याने धावायचं ब्लेड वापरू नये, त्याला कमी दबणारा फूट आणि फिरकी सोसणारा सॉकेट लागतो. हात गमावलेल्या धावपटूंना ब्लॉकमध्ये स्टम्पखाली उंच आधार ठेवता येतो. त्यांनी धड मुरडण्याकडे लक्ष द्यावं, कारण एका बाजूच्या हाताचं वजन नसल्याने खांदे फिरतात.

वर्ग

पॅरा स्पर्धांत खेळाडूंचे अपंगत्वानुसार वर्ग पाडतात. कृत्रिम पायावर धावणाऱ्यांचे वर्ग असे: टी६१ दोन्ही पाय गुडघ्यावरून, टी६२ दोन्ही गुडघ्याखालून, टी६३ एक गुडघ्यावरून, टी६४ एक गुडघ्याखालून. फेकणाऱ्यांसाठी टीच्या जागी एफ. हाताचे वर्ग ४५ ते ४७. दोन्ही पाय नसलेल्यांच्या ब्लेडच्या उंचीला मर्यादा असते आणि ती २०१८ पासून नव्या सूत्राने मोजतात. म्हणून ब्लेड घेण्याआधीच ती मोजून घ्या. वर्गीकरणाला जाताना ऑपरेशनचा अहवाल, एक्स-रे आणि रोज वापरता तोच धावण्याचा पाय न्या. तपासणीनंतर स्पर्धेतही तुम्हाला पाहतात, आणि तिथे वर्ग बदलू शकतो.

मन

वर्गांचं असं आहे की तुमचा प्रकार एखाद्या स्पर्धेत घेतलाच जाईल याची हमी नसते. देवेंद्र झाझडिया यांनी अथेन्सला २००४ मध्ये एफ४६ भालाफेकीत सुवर्ण जिंकलं. २००८ आणि २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांचा प्रकारच नव्हता. २०१६ मध्ये रिओला तो परत आला आणि त्यांनी ६३.९७ मीटरवर पुन्हा सुवर्ण जिंकलं. मधली बारा वर्षं पदकाच्या आशेवर निघत नाहीत. त्यासाठी रोजचं काहीतरी हवं, जे हातात आहे असं.

म्हणून वही ठेवा. रोज चार गोष्टी लिहा: कातडीची स्थिती, सॉकचे प्लाय, दुखणं दहापैकी किती, अंतर. तीन महिन्यांनी या वहीत दिसतं की फोड कोणत्या कामानंतर येतो. हवेतल्या जिद्दीपेक्षा हा आधार मजबूत असतो. जुन्या, दोन्ही पाय असतानाच्या वेळा या वहीत आणू नका. नव्या शरीराची पहिली वेळ हीच शून्य.

दुसरं, ‘पाय नसलेला दिवस’ आधीच कागदावर ठरवून ठेवा. जखम आली तर त्या सकाळी निराशा येणारच, आणि तेव्हा नवा विचार सुचत नाही. वर्कआउट तयार हवा: हातांनी फिरवायची सायकल वीस मिनिटं, पुल-अप, मेडिसिन बॉल, बसून भाल्याची हालचाल, कातडी बंद असेल तर पोहणं. जखम असताना घरी बसून राहणं आणि जखमेवर धावणं, या दोन टोकांमध्येच खेळाडू हरवतात.

लोक ‘किती प्रेरणादायी’ म्हणतील. मनापासून म्हणतात, पण त्याने वेळ सुधारत नाही. ज्याला तुमची वेळ विचारायची आहे आणि जो म्हणतो ‘ब्लेड उशिरा सुटतंय’, तो माणूस जवळ ठेवा. घरच्यांची काळजी खरी असते. त्यांना एकदा पडण्याचा सराव दाखवा, धसका कमी होतो. नसलेल्या पायात आग, पिरगळ किंवा मुंग्या येणं हा भ्रम नाही, मेंदूतला पायाचा नकाशा अजून तिथे आहे. आरशात चांगल्या पायाचं प्रतिबिंब पाहत रोज पंधरा मिनिटं दोन्ही पाय हलवण्याचा व्यायाम अनेकांना उपयोगी पडतो. दुखणं झोप उडवत असेल किंवा आठवडेच्या आठवडे मन बसलेलं असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा. हा उपचाराचाच भाग आहे.

शर्यतीच्या दिवशी

मैदानावर रोजच्या पायावर जा आणि ब्लेड वॉर्म-अपला घाला. पिशवीत दोन कोरडे लायनर, एक-तीन-पाच प्लायचे सॉक, टॉवेल, ॲलन की, तळाचा जादा तुकडा आणि सराव झालेला टेप असू द्या. नवा लायनर किंवा नवं सॉकेट त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. कॉल रूममध्ये (शर्यतीआधी खेळाडूंना थांबवतात त्या खोलीत) बसून राहावं लागतं आणि तेवढ्यात स्टम्प पुन्हा भरतो, म्हणून आत जाण्याआधी पाय काढून पुसून घ्या आणि सॉक पाहून घ्या. दुसऱ्या दिवशी फायनल असेल तर शर्यतीनंतर स्टम्प धुऊन कोरडा करा, उंच ठेवा आणि रात्री श्रिंकर (स्टम्प आवळून धरणारा घट्ट मोजा) घालून झोपा. श्रिंकर विसरलात तर सकाळी स्टम्प सुजलेला असतो, कालचं सॉकेट वर चढत नाही, आणि ते बळजबरीने चढवताना नडगीच्या टोकाची कातडी सोलवटते.